लॉक केलेला डिस्ट्रिब्युटर: ३६ अंश नेमके कोणत्या आरपीएमवर मोजावेत, आणि गरम इंजिन सुरू होताना उलटा झटका का देते?

नोव्हा_३५५ (मिशिगन)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आहे आणि तिचा वापर मुख्यतः अ‍ॅन आर्बरच्या दक्षिणेला असलेल्या मिलान ड्रॅगवेवर ब्रॅकेट रेसिंगसाठी (आधी स्वतः जाहीर केलेल्या वेळेच्या जवळ राहण्याची ड्रॅग शर्यत) होतो. इंजिन ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक असून सिलिंडर ०.०३० इंच वाढवलेले असल्यामुळे ते आता ३५५ झाले आहे. अ‍ॅल्युमिनियमची २३ अंशी हेड, ११:१ च्या जवळपास कॉम्प्रेशन, मोठ्या ओव्हरलॅपचा (आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) सॉलिड रोलर कॅम, ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी जागीच धरून ठेवणारी सोय) असलेला दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि सुमारे ५,००० आरपीएमला स्टॉल होणारा, म्हणजे गाडी थांबलेली असताना इंजिनाला तिथपर्यंत जाऊ देणारा टॉर्क कन्व्हर्टर अशी एकंदर जुळणी आहे. इंधन ११० ऑक्टेनचे रेस पेट्रोल वापरतो.

मागच्या हंगामापर्यंत डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) आरपीएमनुसार टाइमिंग बदलणारी वजने आणि स्प्रिंगा होत्या. टाइमिंग म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर ठिणगी पडते तो आकडा. आयडलला १४ अंश आणि ३,००० आरपीएमपर्यंत एकूण ३६ अंश अशी मांडणी होती, परंतु आयडलला टाइमिंग सतत डोलत असे आणि स्प्रिंगा बदलूनही ते स्थिर होईना. या हिवाळ्यात वजने काढून टाकली, शाफ्ट लॉक केला आणि टाइमिंग कायमचे ३६ अंशांवर बसवले. आयडल आता बरेच सुधारले आहे आणि थ्रॉटलला प्रतिसादही चांगला मिळतो. मात्र दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत.

पहिली अशी की, टाइमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) लावून पाहिले असता १,१०० आरपीएमला ३६ अंश दिसतात, पण आरपीएम वाढवत नेल्यावर आकडा हळूहळू उतरतो आणि ६,००० च्या जवळ तो ३३ वर येतो. शाफ्ट लॉक केलेला असताना आकडा बदलतोच कसा, आणि ३६ अंश आयडलला मोजून बसवावेत की वरच्या आरपीएमवर, हे मला कळत नाही. दुसरी अडचण अशी की, थंड इंजिन सहज सुरू होते, परंतु एक फेरी मारून पिटमध्ये परतल्यानंतर गरम इंजिनाला स्टार्टर मारला की ते मध्येच अडते आणि उलटा झटका देते. स्टार्टरचे नाक तुटेल अशी भीती वाटते. अधूनमधून ही गाडी रस्त्यावरही चालवतो, तेव्हा लॉक केलेले टाइमिंग रस्त्यासाठी घातक आहे का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

जुने_गॅरेज (ओहायो)

आपल्या दोन्ही अडचणींवर बोलण्याआधी एक प्रश्न विचारतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या सर्व आकड्यांना अर्थ नाही. बॅलन्सरवरील (क्रँकच्या पुढच्या टोकावरचे चाक) शून्याची खूण खरोखर टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) आहे, हे आपण पिस्टन स्टॉप लावून तपासले आहे का? स्मॉल ब्लॉकच्या बाबतीत ही शंका अगदी रास्त आहे. १९६९ च्या सुमारास शेव्हरोलेने खुणेची आणि टाइमिंग कव्हरवरील पट्टीची जागा बदलली, त्यामुळे एका काळातला बॅलन्सर आणि दुसऱ्या काळातली पट्टी एकत्र आली की आकडा अनेक अंशांनी चुकतो. शिवाय जुन्या बॅलन्सरचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते आणि ते रबर सैल झाले की कडे सरकते. अशा खुणेवर विश्वास ठेवून बसवलेले ३६ अंश प्रत्यक्षात ३२ असू शकतात किंवा ४० सुद्धा.

तपासण्याची रीत साधी आहे, पण ती घाईने करू नये. सर्व स्पार्क प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या भोकात पिस्टन स्टॉप आटा आणि क्रँक हाताने, पान्याने, सावकाश फिरवा. स्टार्टर अजिबात वापरू नका, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. पिस्टन स्टॉपला टेकला की पट्टीसमोर बॅलन्सरवर खूण करा, मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकू द्या आणि दुसरी खूण करा. या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. ८ इंची बॅलन्सर असेल तर त्याचा परीघ सुमारे ६३८ मिलिमीटर भरतो, म्हणजे ३६ अंशांसाठी साधारण ६४ मिलिमीटर. टाइमिंग टेप चिकटवताना हे अंतर एकदा मोजपट्टीने मोजून पाहावे, कारण ६.७५ इंची बॅलन्सरची टेप ८ इंचीवर चिकटवलेली मी पाहिली आहे.

आता आकडा का उतरतो ते पाहू. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट लॉक केला म्हणून ठिणगी पडण्याची वेळ पूर्णपणे लॉक होत नाही. डिस्ट्रिब्युटरमधील मॅग्नेटिक पिकअपचा इशारा निघाल्यापासून प्लगवर ठिणगी पडेपर्यंत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बॉक्समध्ये काही मायक्रोसेकंद जातात आणि हा उशीर जवळजवळ ठरावीक असतो. ६,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो; त्यामुळे केवळ ५० मायक्रोसेकंदांचा उशीर झाला तरी तिथे १.८ अंश कमी दिसतात, तर १,००० आरपीएमला तोच उशीर ०.३ अंशाइतका असतो आणि डोळ्यांना जाणवतही नाही. काही टाइमिंग लाइट स्वतःही थोडा उशीर करतात, म्हणून सगळा दोष बॉक्सला देता येत नाही.

तरीही ३ अंश उतरणे मला थोडे जास्त वाटते. पिकअपच्या दोन तारांची ध्रुवता आधी तपासा. एमएसडी (इग्निशन बॉक्स बनवणारी कंपनी) पद्धतीच्या वायरिंगमध्ये डिस्ट्रिब्युटरची नारिंगी-काळी तार बॉक्सच्या जांभळ्या तारेला आणि जांभळी-काळी तार हिरव्या तारेला जोडायची असते. रंग जुळवण्याच्या नादात जांभळीला जांभळी जोडली जाते आणि मग टाइमिंग आरपीएमबरोबर घसरते किंवा उड्या मारते. दुसरे म्हणजे, मल्टी-स्पार्क बॉक्सबरोबर डायल फिरवून शून्यावर आणण्याचा लाइट वापरू नका. हे बॉक्स सुमारे ३,००० आरपीएमच्या खाली एकाच स्ट्रोकमध्ये अनेक ठिणग्या देतात आणि असा लाइट त्यांत गोंधळतो. साधा लाइट आणि अंशांची टेप ही जोडी अधिक प्रामाणिक आहे.

बसवायचे कोणत्या आरपीएमवर, याचे उत्तर माझ्या मते एकच आहे: इंजिन जिथे काम करते तिथे. आपली गाडी ५,००० वर सुटते आणि बहुधा ७,००० च्या आत फिनिश लाइन ओलांडते; आयडलच्या आकड्याला या प्रवासात काहीच स्थान नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन ६,००० पर्यंत वारंवार नेणे मात्र व्हॉल्व्ह स्प्रिंगांच्या जिवावर बेतते. ४,००० ते ४,५०० वर क्षणभर स्थिर धरून आकडा घ्यावा, ५,००० च्या पुढे आणखी किती उतरतो ते एकदाच पाहून वहीत लिहून ठेवावे, आणि त्यानंतर नेहमी त्याच आरपीएमवर तपासावे.

ज्वलन_अभ्यासक (पुणे)

वरील उत्तर वाचताना एक मूलभूत प्रश्न अनेकांच्या मनात येईल, तो असा की, जर रस्त्यावरच्या प्रत्येक इंजिनाला आरपीएमनुसार अ‍ॅडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या जितके अंश आधी पडते तो कोन) वाढवावा लागतो, तर ड्रॅग इंजिन एकाच कोनावर कसे भागवते? इंजिन टेस्ट सेलमध्ये काम करीत असल्यामुळे या बाजूबद्दल थोडे लिहितो.

मिश्रण जळायला लागणारा वेळ स्थिर असता, तर आरपीएम दुप्पट झाल्यावर अ‍ॅडव्हान्सही जवळजवळ दुप्पट करावा लागला असता. प्रत्यक्षात आरपीएम वाढते तशी सिलिंडरमधील खळबळ वाढते आणि ज्योत अधिक वेगाने पसरते, त्यामुळे ज्वलनाला लागणारे क्रँकचे अंश मधल्या आणि वरच्या पट्ट्यात फार थोडे वाढतात. म्हणूनच जुन्या यांत्रिक डिस्ट्रिब्युटरचा वक्रही ३,००० च्या आसपास सपाट होत असे. पूर्ण उघड्या थ्रॉटलवर, ५,००० ते ७,००० या पट्ट्यात, एकच कोन सर्वत्र जवळजवळ योग्य ठरतो. योग्य म्हणजे काय, तर अर्धे मिश्रण टीडीसीनंतर सुमारे ८ अंशांवर जळलेले असावे आणि सर्वाधिक दाब साधारण १४ ते १६ अंशांवर यावा.

आयडल सुधारण्याचे कारणही येथेच आहे. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅममुळे कमी आरपीएमवर जळलेला वायू मोठ्या प्रमाणात परत सिलिंडरमध्ये राहतो, मिश्रण पातळ आणि मंद होते आणि त्याला लवकर पेटवावे लागते. १४ अंशांवर ते इंजिन उपाशी होते असे म्हणता येईल.

आता उलट्या झटक्याचा हिशेब करू. ६,००० आरपीएमला ३६ अंश पार करायला १ मिलिसेकंद लागतो. स्टार्टर इंजिनाला फार तर २०० आरपीएमने फिरवत असेल, तर तेच ३६ अंश पार करायला ३० मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात मिश्रणाचा मोठा भाग जळून जातो आणि पिस्टन अजून वर येतच असतो. थंड असताना ज्वलन मंद असते आणि पेट्रोलही नीट वायुरूप होत नाही, म्हणून इंजिन निभावून नेते. गरम झाल्यावर ज्वलन जलद होते, सिलिंडरमधला दाब स्टार्टरच्या जोरापेक्षा वरचढ ठरतो आणि क्रँक मागे ढकलला जातो.

रस्त्यावरच्या वापराबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. संथ, हलक्या थ्रॉटलवर चालताना ३६ अंश जास्त नसतात. उलट अशा वेळी मिश्रण विरळ असल्यामुळे इंजिनाला त्याहूनही अधिक अ‍ॅडव्हान्स चालतो, आणि म्हणूनच कारखान्यातून आलेल्या गाड्यांत व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स असे. धोका कमी आरपीएम आणि जड थ्रॉटल एकत्र आल्यावर आहे, म्हणजे हाताच्या गिअरची गाडी वरच्या गिअरमध्ये १,५०० वर असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबणे. आपला कन्व्हर्टर इतका सैल आहे की थ्रॉटल दाबताच इंजिन त्या पट्ट्यातून निसटून जाते. ११० ऑक्टेनऐवजी पंपावरचे पेट्रोल भरून रस्त्यावर जाणे मात्र ११:१ कॉम्प्रेशनला मानवणार नाही, टाइमिंग लॉक असो वा नसो.

जुने_गॅरेज (ओहायो)

झटक्यावरचे दोन उपाय सांगायचे राहिले होते. स्वस्तातला उपाय म्हणजे इग्निशनचा टॉगल स्विच आणि स्टार्टरचे बटण वेगळे करणे. आधी बटण दाबून इंजिन दोन-तीन फेरे मोकळे फिरू द्यावे आणि ते वेगात आले की टॉगल चालू करावा. फिरत्या भागांत तोपर्यंत पुरेसा जोर आलेला असतो. हंगामात रात्री रांगेत थांबून दमलेला माणूस क्रम विसरतो, एवढाच त्यातला दोष.

दुसरा उपाय म्हणजे स्टार्ट रिटार्ड. अनेक डिजिटल बॉक्समध्ये तो असतोच, नसल्यास वेगळा मॉड्यूल मिळतो. स्टार्टर चालू असताना ठिणगी सुमारे २० अंश उशिरा पडते आणि इंजिन सुरू झाल्यावर टाइमिंग आपोआप मूळ जागी येते. त्यामुळे ३६ चे १६ होतात आणि झटका थांबतो. येथे रोटर फेजिंगचा, म्हणजे ठिणगी पडते तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर कॅपच्या टर्मिनलसमोर नेमका कुठे असतो याचा, एक बारकावा आहे. क्रँकचे २० अंश म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे १० अंश, आणि बॉक्सने ठिणगी उशिरा सोडली तरी रोटर थांबत नाही. ठिणगी पडते तेव्हा तो टर्मिनलपासून तेवढा पुढे गेलेला असतो. स्टार्टरच्या वेळी याने बिघडत नाही, परंतु मुळातच फेजिंग कडेला असेल तर वरच्या आरपीएमवर ठिणगी शेजारच्या टर्मिनलवर उडी मारू शकते, आणि १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात ५ आणि ७ हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात हे विसरू नये. एखादी जुनी कॅप घेऊन पहिल्या टर्मिनलजवळ भोक पाडा, रोटरच्या टोकावर रंगाची रेघ मारा आणि टाइमिंग लाइटने भोकातून पाहा. लॉक केलेल्या डिस्ट्रिब्युटरचा फायदा असा की ही तपासणी एकदाच करावी लागते.

दोनस्ट्रोक_कोल्हापूर

विषय व्ही-८ चा असला तरी एक अनुभव जोडतो, कारण आमच्याकडचे काही तरुण येथील चर्चा वाचून हाच हिशेब मोटरसायकलींना लावू पाहतात. राजदूत आरडी ३५० मध्ये वजने-स्प्रिंगा नव्हत्याच; पॉइंट थेट क्रँकवरील कॅमवर चालत, म्हणजे टाइमिंग कारखान्यातूनच लॉक होते. मात्र ते प्लगच्या भोकात डायल गेज घालून टीडीसीआधी साधारण २ मिलिमीटरवर लावले जाई, आणि ५४ मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये त्याचे सुमारे २० अंशच होतात. किक मारणाऱ्याची पोटरी शाबूत राहण्याचे ते एक कारण होते.

ड्रॅगसाठी तयार केलेल्या टू-स्ट्रोकला वरच्या आरपीएमवर उलट रिटार्डची गरज भासते. टाइमिंग मागे घेतले की सायलेन्सरमध्ये जाणारा वायू अधिक तापतो, त्यातील ध्वनिलहरीचा वेग वाढतो आणि एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा फुगीर भाग) आणखी वरच्या आरपीएमवर जुळून येतो. तेव्हा एकच कोन सर्वत्र चालतो हा नियम फोर-स्ट्रोकपुरताच घ्यावा.

नोव्हा_३५५ (मिशिगन)

सर्वांचे आभार. पिस्टन स्टॉप लावून पाहिले आणि बराचसा उलगडा झाला. एका बाजूने पिस्टन टेकला तेव्हा पट्टीवर टीडीसीआधी २८ अंश होते आणि दुसऱ्या बाजूने टीडीसीनंतर ३६ अंश. मध्य काढला असता खरा टीडीसी पट्टीवरील शून्याच्या ४ अंश पुढे निघाला. याचा अर्थ लाइटमध्ये दिसणारे ३६ अंश वास्तविक ४० होते आणि ६,००० वर दिसणारे ३३ हे ३७. इंजिन बांधताना टाइमिंग कव्हर बदलले होते, त्याची पट्टी या बॅलन्सरच्या जोडीची नसावी. पिकअपच्या तारा मात्र बरोबर जोडलेल्या आहेत.

नवीन, फिरवून बसवता येणारा दर्शक लावून खऱ्या टीडीसीवर पक्का केला आणि ४,५०० आरपीएमला ३४ अंश बसवले. वेगळा टॉगल स्विचही जोडला आहे. गरम इंजिन आता न अडता सुरू होते. ट्रॅक उघडल्यावर ३४ वरून पुढे जावे की मागे, आणि ते कसे ठरवावे, यावर मार्गदर्शन हवे आहे.

तीनशे_फूट (इंडियाना)

जुन्या लोखंडी हेडना ३६ ते ३८ अंश लागत, कारण त्यांचे ज्वलनकक्ष मंद होते. व्होर्टेकसारखी जलद जळणारी हेड ३२ च्या आसपासच खूश असतात. आपली अ‍ॅल्युमिनियमची हेड कोणत्या पिढीची आहेत यावर पुष्कळ अवलंबून आहे, परंतु सुरुवात म्हणून ३४ योग्यच वाटते.

ट्रॅकवर निर्णय ईटी (फेरीला लागलेला एकूण वेळ) पाहून घेऊ नका. ईटीमध्ये पहिल्या ६० फुटांचा वाटा फार मोठा असतो आणि तिथे टायरची पकड, हवेचा दाब, ट्रॅकची अवस्था असे बरेच काही मिसळते. इंजिनाची ताकद क्वार्टर माइलच्या शेवटी मिळणाऱ्या वेगात दिसते. पाण्याचे तापमान, सुटण्याचे आरपीएम आणि गिअर बदलण्याचे आरपीएम तेच ठेवून ३४ वर दोन फेऱ्या मारा, मग ३६ वर दोन, आणि पुन्हा ३४ वर एक, म्हणजे दरम्यान हवा बदलली असेल तर तेही लक्षात येईल. वेग वाढला नाही, तर कमी अ‍ॅडव्हान्सच ठेवावा. शेवटचे दोन अंश काही देत नसतील, तर ते केवळ नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप धडाक्याने पेटण्याच्या) दिशेने उचललेले पाऊल असते. ३२ वर वेग तसाच राहिला, तर ब्रॅकेटसाठी मी ३२ च ठेवीन, कारण त्या प्रकारात रोज सारखी चालणारी गाडी जिंकते आणि उष्ण, कोरड्या दुपारीही इंजिनाला मोकळीक राहते.

जोडीला प्लग वाचायला शिका. फिनिश लाइनवर इग्निशन बंद करून गाडी तशीच घरंगळत बाहेर आणा, कारण पिटपर्यंत इंजिन चालवत आणले की प्लगवरच्या खुणा पुसट होतात. ग्राउंड स्ट्रॅपवर तापाने रंग बदलल्याची एक रेषा दिसते. ती स्ट्रॅपच्या वळणाजवळ असेल तर टाइमिंग साधारण बरोबर, टोकाकडे असेल तर कमी, आणि आट्यांच्या दिशेने खाली उतरली असेल तर जास्त. चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकते कण दिसले, तर पुढची फेरी मारू नका. ते कण पिस्टनवरून आलेले असतात.

उंचीचाही विचार करावा. कोलोरॅडोतील बॅन्डिमियर स्पीडवे सुमारे ५,८०० फुटांवर होता, २०२३ मध्ये तो बंद झाला. तिथे विरळ हवेमुळे सिलिंडरमधला दाब कमी असे, ज्वलन मंदावे आणि इंजिनांना जास्त अ‍ॅडव्हान्स चालून जाई. तिथल्या कोणी दिलेला आकडा मिशिगनमध्ये जसाच्या तसा वापरू नये.

आपण क्रँक ट्रिगरबद्दल (ठिणगीचा इशारा डिस्ट्रिब्युटरऐवजी थेट क्रँकवरून घेणारी जोडणी) विचारलेले नाही, पण ३ अंशांची घसरण पुढे अनियमित वाटू लागली, म्हणजे एकाच आरपीएमवर लाइटमधली खूण पुढेमागे थरथरू लागली, तर बॉक्सकडे न पाहता टाइमिंग चेनचा सैलपणा आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर तपासा. सॉलिड रोलर कॅमबरोबर कांस्याचा (ब्राँझचा) गिअर बसवलेला असेल, तर तो झिजतोच. प्रत्येक हंगामाआधी काढून दात पाहावेत. लॉक केलेला शाफ्टसुद्धा शेवटी त्याच चेनच्या आणि त्याच गिअरच्या मागे फिरतो.